जीवाणूचा डीएनए ‘विखुरलेला’ नसतो : बाटलीतला दोरा आणि आबांचं चऱ्हाट



आज एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. ते मी सतरा वर्षं फळ्यावर लिहिलं. तुमच्यापैकी विज्ञान शिकवणाऱ्या बऱ्याच जणांनी लिहिलं असेल, आणि पालकांनो, तुम्ही शाळेत असताना ते वहीत उतरवून घेतलं असेल. “आदिकेंद्रकी पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसते, जनुकीय द्रव्य पेशीद्रव्यात विखुरलेले असते.” सोबतची आकृतीही ठरलेली. कॅप्सूलसारखा आकार, आत एक वेडीवाकडी रेघ, मागे शेपटी. झाला जीवाणू!

वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. जीवाणूला आपल्यासारखं पडद्यात बंद केलेलं केंद्रक नसतं. ‘विखुरलेले’ हा शब्द मात्र चूक आहे. तो पुस्तकात कुठे आहे, कुठे नाही, याच्याशी मला भांडायचं नाही. माझ्या तोंडात तो बसला होता एवढं खरं. वर मी उदाहरणही द्यायची: आपली पेशी म्हणजे कपाट असलेलं घर, आणि जीवाणू म्हणजे कपडे जमिनीवर टाकून शाळेत येणारा पोरगा. वर्ग हसायचा, मला वाटायचं धडा जमला.

तो शब्द चूक आहे हे मला शाळेत नाही, दवाखान्यात कळलं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात सासूबाईंना ताप आला. इकडे इस्लापूरला पावसाळ्यात सहस्रकुंडाचं पाणी बघायला लोक येतात, आणि त्याच दिवसांत घरोघरी तापही येतो. आमच्या घरात औषधांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आधीच्या वर्षी माझ्यासाठी आणलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या उरल्या होत्या, कारण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी त्या बंद केल्या होत्या. त्याच गोळ्या मी सासूबाईंना दिल्या. विज्ञानाची शिक्षिका आहे ना मी, मला सगळं कळतं! चार दिवस गेले, ताप उतरेना. पाचव्या दिवशी त्यांना उठून बसवेना, तेव्हा नांदेडला नेलं. रक्त तपासणीला गेलं, जंतू वाढवून पाहिले. टायफॉइड निघाला. रिपोर्टवर औषधांची यादी होती आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या पुढे एकच अक्षर होतं, ‘आर’. म्हणजे रेझिस्टंट. या जंतूंवर हे औषध चालत नाही.

माझ्या गोळ्यांमुळे ते जंतू तसे झाले असं नाही. अशा तापात जंतू बहुतेक वेळा अंगात येतानाच तसे असतात, आणि आपल्या देशात टायफॉइडचे बहुतेक जंतू आता या औषधाला दाद देत नाहीत. पण गेलेले चार दिवस माझे होते. सासूबाई दुसऱ्या औषधाने बऱ्या झाल्या. मला त्या एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी मोबाईलवर शोधत होते, की ही गोळी जंतूचं नेमकं करते तरी काय? जाळते? विरघळवते? मुलांना मी “औषध जंतूंना मारते” एवढंच सांगत आले होते. वाचलं ते असं, की ही गोळी जीवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणारं एक विकर अडकवून टाकते. त्या विकराचं नाव डीएनए गायरेज. मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७६ मध्ये शोधलं.

मी दोनदा वाचलं. पीळ? विखुरलेल्या वस्तूला कसला आलाय पीळ?

पुढच्या वर्षी नववीच्या वर्गात मी ते वाक्य लिहिलंच नाही. त्याऐवजी एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली आणि शिवणाच्या दोऱ्याची रिळं घेऊन गेले. हिशेब मुलांकडूनच करून घेतला, तुम्हीही करून घ्या, गणिताच्या तासालाही चालेल. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जीवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि १ मायक्रोमीटर रुंद असतो. त्याच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरांच्या जोड्या आहेत. दर जोडीला ०.३४ नॅनोमीटर जागा लागते. गुणाकार केला की लांबी येते साधारण १.६ मिलीमीटर. म्हणजे पेशीच्या लांबीच्या आठशे पट!

आता सगळं एक लाख पटींनी मोठं करा. पेशी होते २० सेंटीमीटरची, आपली बाटलीच की. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर असते, ती होते ०.२ मिलीमीटर, म्हणजे शिवणाचा दोरा. आणि दोऱ्याची लांबी होते १६० मीटर. आमच्या व्हरांड्यात मुलांनी मोजून दोरा पसरला, या टोकाकडून त्या टोकाकडे किती खेपा झाल्या ते विचारू नका.

मुलांचा पहिला अंदाज असा, की एवढा दोरा बाटलीत मावणारच नाही. पण रिळं बाटलीशेजारी ठेवली की दिसतं, मावण्याचा प्रश्नच नाही. १६० मीटर दोऱ्याचं घनफळ काढलं तर ते पाच मिलीलीटरच्या आसपास येतं, चहाचा एक चमचा. बाटली जवळजवळ रिकामीच राहते. मग अडचण कशाची? मी पोरांना तो सगळा दोरा हाताने बाटलीत कोंबायला लावला आणि म्हटलं, आता मधलं एक वीतभर काढून दाखवा.

“गुतलं, मॅडम!”

तर जीवाणूची खरी अडचण जागेची नाही, गुंत्याची आहे. आणि त्याला तर दोरा नुसता ठेवायचा नाही. दर क्षणी त्यातला कुठला ना कुठला भाग उघडून वाचायचा आहे, त्याच वेळी सबंध दोऱ्याची दुसरी प्रत काढायची आहे, आणि दोन प्रती दोन टोकांना नेऊन मधे भिंत घालायची आहे. अन्न भरपूर असलं तर ई. कोलाय वीस मिनिटांत दोनाचे चार होतात. कपडे जमिनीवर टाकणाऱ्या पोरग्याला हे जमेल का? मला माझ्या त्या उदाहरणाची लाज वाटली.

एका मुलाने विचारलं, सगळ्या जीवाणूंचा दोरा एवढाच असतो का? नाही. आपल्याकडे पेरणीच्या वेळी सोयाबीनच्या बियाण्याला जिवाणू संवर्धन लावतात, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही ते मिळतं. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणाऱ्या त्या जीवाणूंपैकी एकाची सगळी अक्षरं २००२ मध्ये वाचून झाली, ती निघाली ९१ लाख. ई. कोलायच्या जवळजवळ दुप्पट, आणि तीही एकाच दोऱ्यावर. दुसऱ्या दिवशी चार पोरं मुळासकट सोयाबीन उपटून घेऊन आली. एकाच्या वडिलांचा फोनही आला, ते असो.

आता पीळ. इथे मला आबांनी शिकवलं.

आबा म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा. पोळ्याच्या आधी ते अजूनही अंबाडीच्या वाखाचे कासरे आणि दावी स्वतः वळतात. बाजारात नायलॉनच्या दोऱ्या ढिगाने मिळतात, पण बैलाच्या मानेला नायलॉन काचतं असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना वर्गात बोलावलं. डीएनए म्हणजे दोनपेडी दोरीच आहे, दोन पेड एकमेकांभोवती वळलेले. साडेदहा अक्षरांना एक वेढा, म्हणजे ४६ लाख अक्षरांत चार लाखांहून जास्त वेढे. आबांनी दोरीची दोन टोकं दोन पोरांच्या हातात दिली आणि एका टोकाकडून पीळ वाढवत नेला. मग म्हणाले, आता जवळ या. पोरं जवळ आली तशी दोरी स्वतःभोवतीच गर्रकन वळली आणि तिचा आखूड, जाड गोफ झाला. तीन मीटरची दोरी हातभर झाली. कुणी घडी घातली नाही, कुणी गुंडाळली नाही, पिळानेच ते केलं.

जीवाणूचा डीएनए असाच आवरलेला असतो. आपल्या पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. बहुतेक जीवाणूंकडे ही रिळं नाहीत, त्यांचा भर पिळावर. फक्त एक फरक आहे आणि तो मोलाचा आहे. आबांनी पीळ वाढवला होता, जीवाणू तो थोडा कमी करून ठेवतो. गायरेजचं काम हेच, शंभरातले पाच-सहा वेढे उलटे काढून टाकायचे. उलट्या पिळानेही दोरी स्वतःभोवती वळते, आवरली जाते. पण शिवाय पेड एकमेकांपासून सुटायला तयार राहतात. आबांनी दोरी उलटी फिरवली तेव्हा दोन पेडांमध्ये फट पडली, ती पोरांनी डोळ्यांनी पाहिली. तिथे बोट घालता येतं. डीएनए वाचणारं विकर तसंच तिथे शिरतं. आवरून ठेवायचं आणि उघडायलाही सोपं ठेवायचं, ही दोन्ही कामं एकाच युक्तीत!

वर्गातला एक हुशार लगेच म्हणाला, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही!” म्हण छान आठवली, पण डीएनएच्या बाबतीत ती उलटी आहे. दोरी कुठेही एकदा तुटू द्या, टोक मोकळं सुटतं, गरगर फिरतं आणि पीळ पार निघून जातो. टिकायचा तर दोरीला मोकळं टोकच नको. ई. कोलायला ते नाहीच. त्याचं गुणसूत्र बंद कडीसारखं असतं. जॉन केर्न्स यांनी डीएनएत किरणोत्सारी खूण भरली, तो फिल्मवर ठेवून आठवडेच्या आठवडे वाट पाहिली आणि १९६३ मध्ये त्या कडीचं चित्रच समोर ठेवलं.

पण कडीही एके ठिकाणी तुटली तर? सगळ्या गुणसूत्राचा पीळ एका चिरेने जाईल की. जीवाणूने याचीही सोय केलेली आहे. कडी सलग पिळलेली नसते. ती जागोजागी धरलेली असते आणि तिचे शेकडो फास पडलेले असतात, मधल्या देठाभोवती फुलाच्या पाकळ्या असतात तसे. एका फासाला चीर गेली तर तेवढ्या एकाचाच पीळ जातो, बाकीचे तसेच राहतात. १९७२ मध्ये वोर्सेल आणि बर्गी यांनी हे दाखवलं: डीएनएला थोड्या थोड्या चिरा पाडत गेले तर पीळ एकदम न जाता हप्त्याहप्त्याने गेला. पुढे २००४ मध्ये एका फासाची लांबी सरासरी दहा हजार अक्षरांची निघाली, म्हणजे सगळे मिळून चारशेच्या वर. मुलांना मी दोरीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून दाखवलं. चिमट्यांच्या मधली दोरी सोडा, पलीकडचा पीळ हलत नाही.

हे चिमटे म्हणजे प्रथिनं आहेत. कुणी डीएनएला जवळजवळ केसांच्या पिनेसारखं वाकवतं, कुणी दोन लांबचे धागे एकमेकांशी जोडून धरतं. उपासमार झाली की डीपीएस नावाचं प्रथिन सगळा डीएनए घट्ट आवळून जवळजवळ स्फटिकासारखा करून ठेवतं. या सगळ्यांची नावं मुलांना पाठ करायला देऊ नका. मी दिली नाहीत. पेशीच्या मधोमध बसलेल्या या आवरलेल्या भागाला केंद्रकाभ म्हणतात, हा एक शब्द पुरे.

मग आला तो प्रसंग ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. डीएनएची प्रत काढायची तर दोन पेड वेगळे करावे लागतात. मी दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधलं आणि दोन पोरींना सांगितलं, मोकळ्या टोकाकडून एकेक पेड धरा आणि ओढत वेगळे करत चला. हातभर गेल्या आणि अडल्या. पुढची दोरी पिळून पिळून ताठ झाली, तिला गाठीसारख्या आढ्या पडल्या. जोर लावला तर गज हलायला लागला.

आबा बाकावरून म्हणाले, “बाई, पुढं माणूस नाही का उभा केला? पीळ पुढं साचायलाय की. चऱ्हाट उकलायचं तर पलीकडचं टोक मोकळं सोडावं लागतं, नाही तर पुढं एकानं उलटं फिरवत ऱ्हावं लागतं.”

मी म्हटलं, “आबा, टोक नसलं तर? दोरीची कडीच असली तर?”

आबांनी थोडा विचार केला. “मग कापून, पीळ काढून, परत जोडावी लागंल. पण अशी कोण जोडून देतंय?”

गायरेज जोडून देतं! मला वर्गात अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली, आणि वाजवली. दोन्ही पेड एके ठिकाणी कापायचे, दोरीचा दुसरा भाग त्या फटीतून पार करायचा, आणि कापलेलं पुन्हा जसंच्या तसं जोडायचं. एका खेपेला दोन वेढे कमी. ई. कोलायमध्ये प्रत काढणारं यंत्र सेकंदाला हजाराच्या आसपास अक्षरं पुढे जातं, म्हणजे पुढे सेकंदाला जवळजवळ शंभर वेढ्यांचा पीळ साचतो. एका गायरेजने भागत नाही, पुढे टोळीच लागते. आणि अशी दोन यंत्रं कडीवर दोन दिशांनी एकाच वेळी धावत असतात.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन नेमकं कुठे घुसतं, ते आता मुलांना सांगावं लागलं नाही. मी फक्त विचारलं, या पुढच्या माणसाला कधी धरलं तर जास्त नुकसान होईल? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “कापल्यावर, जोडायच्या आधी.” बरोबर तिथेच. गोळीचे रेणू त्या कापलेल्या जागेत बसतात, जोडणी होऊ देत नाहीत. मागून धावत आलेलं यंत्र त्यावर आदळतं, कडी तुटते, आणि तुटलेल्या जागा सांधता आल्या नाहीत की जीवाणू मरतो. आपल्या पेशींतही पीळ काढणारी विकरं आहेत, पण त्यांची घडण वेगळी, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ही गोळी आपल्याला सोडून जीवाणूलाच धरते.

आणि रिपोर्टवरचा तो ‘आर’? गायरेजचा एक भाग सुमारे पावणेनऊशे अमिनो आम्लांच्या साखळीचा असतो. त्यातलं ८३ वं बदललं की गोळीला तिथे नीट बसता येत नाही आणि गायरेजचं काम मात्र चालू राहतं. न बसणाऱ्या टायफॉइडच्या जंतूंत हा बदल वारंवार सापडतो. ४८ लाख अक्षरांच्या दोऱ्यावर बहुधा एका अक्षराचा फरक, आणि सासूबाईंचे चार दिवस.

हे मी वर्गात सांगितलं. डब्यासकट सांगितलं. सांगावं की नाही यावर आदल्या रात्री बराच विचार केला होता, गावात गोष्टी घरोघरी पोचतात. पोचलीच. पालकसभेला एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं पण हाय तसला डबा. पोरगी रोज म्हणती टाकून दे.” तिने विचारलं, पोरगी म्हणते ते खरं का, की अंगातल्या तापाच्या जंतूलासुद्धा दोरी वळता येते. मी म्हटलं, खरं आहे, आणि आपल्यापेक्षा भारी वळता येते.

शिक्षकांसाठी एवढंच, की हे सगळं ३५ मिनिटांच्या एका तासात होत नाही. मला तीन तास लागले आणि एक भाषेच्या बाईंकडून मागून घ्यावा लागला. दोरी सुतळीपेक्षा जाड आणि दोनच पेडांची घ्या, तीनपेडी घेतलीत तर मुलं तिसरा पेड कुठला ते विचारत बसतात. मूल्यमापनात कुठे बसवायचं हे मला अजून जमलेलं नाही.

बाटली आणि दोरा प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मधल्या सुट्टीत पोरं येऊन दोरा बाटलीत भरतात आणि न गुंतता बाहेर काढायची पैज लावतात. आतापर्यंत कुणीही जिंकलेलं नाही. आबांची दोरी मात्र खिडकीच्या गजाला नाही, पोळ्याला ते ती परत घेऊन गेले, बैलाला लागत होती.